कुठल्या जखमेला कुठलं ड्रेसिंग? आधी ओल बघा

प्रश्न दोन आहेत. जखम उघडी ठेवून वाळू द्यावी की झाकावी? आणि झाकायची तर गॉझ, फिल्म, हायड्रोकोलॉइड, हायड्रोजेल, फोम, अल्जिनेट, चांदीचं ड्रेसिंग, यांतलं काय आणि कधी?

पहिल्याचं उत्तर सरळ आहे: झाकावी. किरकोळ खरचटलेलं उघडं ठेवलं तरी भरून येतं, पण तेही झाकलं तर लवकर भरतं. १९६२ साली जॉर्ज विंटर यांनी डुकरांच्या त्वचेवरच्या उथळ जखमांची तुलना करून 'नेचर' या नियतकालिकात दाखवलं, की प्लॅस्टिकच्या पातळ पडद्याखाली ओलसर राहिलेल्या जखमेवर नवी त्वचा उघड्यावर वाळलेल्या जखमेच्या साधारण दुप्पट वेगानं येते. नव्या त्वचेच्या पेशी कडेकडून मध्याकडे सरकत येतात आणि सरकायला त्यांना ओलसर पृष्ठभाग लागतो. वर कडक खपली धरली, की त्यांना खपलीच्या खालून, जिथं ओल शिल्लक आहे तिथून, वाट काढावी लागते. वेळ जातो तो त्यात.

ओल हवी म्हणजे चिखल मात्र नको. पेरणीला जमीन जशी वाफशावर लागते, तशी भरून येणारी जखम लागते: हात लावला तर ओलसर, पण पाणी साचलेलं नाही. ड्रेसिंगचं मुख्य काम हा वाफसा टिकवणं हेच आहे. कोरड्या जखमेला ओल द्यायची, वाहणाऱ्या जखमेचं जास्तीचं पाणी शोषून घ्यायचं. म्हणूनच 'मधुमेहाच्या जखमेचं ड्रेसिंग' किंवा 'बेडसोरचं ड्रेसिंग' (बेडसोर म्हणजे बराच काळ पडून राहिल्यानं, दाबानं होणारी जखम) अशी ठरलेली वस्तू नसते. त्याच एका जखमेला सुरुवातीला अल्जिनेट, पुढं फोम आणि शेवटच्या टप्प्यात पातळ हायड्रोकोलॉइड लागू शकतं. जखम बदलली आणि ड्रेसिंग तेच राहिलं, हे जखम रेंगाळण्याचं फार नेहमीचं कारण आहे.

जुनं ड्रेसिंग काढल्यावर काय बघायचं

टाकून देण्याआधी काढलेलं ड्रेसिंग नीट बघा, निम्मी माहिती तिथंच मिळते. ते कोरडं पडून जखमेला चिकटलं असेल, तर ते या जखमेसाठी फार शोषणारं आहे. कडेनं पाणी झिरपून कपड्यांना लागत असेल, तर शोषण कमी पडतंय किंवा बदलायला उशीर होतोय. जखमेभोवतीची कातडी बराच वेळ पाण्यात राहिलेल्या बोटांसारखी पांढरी आणि सुरकुतलेली दिसली, तर ती ओलीनं कुजायला लागली आहे. अशी कातडी सहज फाटते आणि जखम भरायच्या ऐवजी पसरते.

मग जखमेचा तळ. लालभडक, दाणेदार, ओलसर दिसतं ते नवं मांस. पिवळट, चिकट, तंतूंसारखं दिसतं ते मृत पेशींचं स्लफ. त्याला अनेक जण पू समजून अँटिबायोटिक मागतात, पण पू वाहतो आणि स्लफ तळाला धरून बसतं. काळं, चामड्यासारखं दिसतं ती मेलेली कातडी. आणि फिकट गुलाबी, मोत्यासारखी चमकणारी कड म्हणजे नवी त्वचा. ती इतकी नाजूक असते, की तिला चिकटणारं काहीही लावू नये.

खोलीही पाहावी लागते. वरून छोटं भोक आणि आत बोगदा, हे बेडसोरमध्ये आणि फोड फुटल्यावर नेहमी दिसतं. वरून सपाट ड्रेसिंग चिकटवलं तर आत पोकळी तशीच राहते, तोंड आधी बंद होतं आणि आत पू साठतो.

लांबी आणि रुंदी आठवड्यातून एकदा मोजून लिहून ठेवा. सगळ्यात लांब रेषा ही लांबी, तिला काटकोनात सगळ्यात रुंद ती रुंदी. मधुमेही पायावरची जखम ४ आठवड्यांत निम्म्यावर आली नाही, तर ड्रेसिंग बदलत बसण्यापेक्षा कारण शोधायला हवं.

कोरड्यापासून वाहत्यापर्यंत

फिल्म म्हणजे पॉलियुरेथेनचा पारदर्शक, चिकट पडदा. तिच्यातून वाफ आणि ऑक्सिजन जातो, पाणी आणि जंतू आत येत नाहीत. ती शोषत मात्र काहीच नाही. म्हणून उथळ, जवळजवळ कोरडी जखम, बंद केलेल्या टाक्यांची रेष, सलाइनची सुई किंवा दुसऱ्या ड्रेसिंगला धरून ठेवणं, एवढ्यासाठीच ती वापरावी. खाली पाण्याचा फुगा जमला, तर फिल्म तिथं चुकीची आहे. काढताना ती वर ओढू नका. एक कोपरा सोडवून त्वचेला समांतर ताणत न्या, चिकटपणा आपोआप सुटतो. वर खेचली तर वृद्धांची कातडी तिच्याबरोबर निघते.

हायड्रोकोलॉइड ही तपकिरी, जाडसर, चिकट चकती असते. तिच्यातलं कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज, जिलेटिन आणि पेक्टिन जखमेचं पाणी घेऊन जेल बनतं. थोडं ते मध्यम पाणी येणाऱ्या उथळ, स्वच्छ जखमेसाठी हे उत्तम. टाच खरचटणं, पहिल्या टप्प्यापलीकडचा (म्हणजे नुसती लाली नसून कातडी फाटलेला) पण उथळ बेडसोर, भरत आलेली जखम. लावण्याआधी चकती तळहातांमध्ये मिनिटभर धरून ऊबदार करा, मग ती नीट बसते. जखमेच्या चहूबाजूंनी निदान २ ते ३ सेंटिमीटर चांगल्या कातडीवर यायला हवी. ३ ते ७ दिवस राहते. काढल्यावर पिवळसर, वासाचा चिकट पदार्थ दिसतो, तो पू नसून ड्रेसिंगचंच जेल असतं. आधी जखम धुवा, मग रंग आणि वास ठरवा. धुतल्यावरही वास राहिला, तर काळजीचं कारण आहे. संसर्ग झालेल्या जखमेवर मात्र हे हवाबंद आवरण कधीच लावू नये.

हायड्रोजेलमध्ये ७० ते ९० टक्के पाणीच असतं. ते शोषण्यासाठी नसून ओल देण्यासाठी आहे. तळाशी वाळलेलं पिवळं स्लफ असेल, तर साधारण ५ मिलिमीटर जाडीचा थर द्या आणि वर फिल्म किंवा न चिकटणारं आवरण लावा. मेलेले तंतू फुगून सैल होतात आणि शरीर स्वतःच ते सोडून देतं. दर १ ते ३ दिवसांनी बदला. वाहत्या जखमेवर जेल घातलं तर कडा कुजतात. जेलवर जोरदार शोषणारं फोम लावणंही व्यर्थ, कारण फोम जेल पिऊन टाकतं.

फोम हे मध्यम ते भरपूर पाणी येणाऱ्या जखमांचं रोजच्या वापरातलं ड्रेसिंग आहे आणि एकच प्रकार जवळ ठेवायचा असेल तर सिलिकॉनची कड असलेलं फोम ठेवावं, असं माझं ठाम मत आहे. ते शोषतं, गादीसारखं वागतं आणि काढताना कातडी ओढत नाही. ३ ते ७ दिवस राहतं. कधी बदलायचं हे कॅलेंडरपेक्षा डाग सांगतो: बाहेरून दिसणारा ओला डाग कडेपासून बोटभर अंतरावर आला की बदला. डाग बाहेर फुटला, की बाहेरच्या जंतूंना आत यायला ओली वाट मिळाली असं समजा. कोरड्या जखमेवर फोमचा उपयोग नाही.

भरपूर वाहणाऱ्या जखमेला अल्जिनेट. हे तपकिरी समुद्री शेवाळापासून करतात. त्यातलं कॅल्शियम जखमेच्या पाण्यातल्या सोडियमशी अदलाबदल करतं आणि तंतूंचं मऊ जेल होतं. स्वतःच्या वजनाच्या १५ ते २० पट पाणी ते घेतं. सुटलेलं कॅल्शियम बारीक रक्तस्राव थांबवायलाही मदत करतं. ते कोरडंच लावायचं, आधी ओलं केलं तर शोषणाची ताकद तिथंच संपते. जखमेच्या आकाराला कापून आत ठेवा आणि वर फोम किंवा पॅड द्या. हायड्रोफायबर याच कामाचं आहे. ते पाणी सरळ वर ओढून धरतं, आडवं पसरू देत नाही, त्यामुळे कडा जास्त सुरक्षित राहतात. दोन्हींपैकी काहीही काढताना तंतू कोरडे आणि चिकटलेले दिसले, तर सलाइननं भिजवून सोडवा. पुढच्या वेळी कमी शोषणारं निवडा, कारण जखमेचं पाणी कमी झालं आहे.

पोकळी भरताना अल्जिनेटची किंवा हायड्रोफायबरची लांब पट्टी सैल घाला. ठासून भरलं तर आतल्या मांसाचा रक्तपुरवठा दबतो, शिवाय फुगायला जागा उरत नाही. शक्यतो एकच अखंड पट्टी वापरा आणि तिचं टोक बाहेर दिसत ठेवा. दोन तुकडे घातले असतील, तर 'आत २' असं वरच्या ड्रेसिंगवर लिहा. आत विसरलेला तुकडा महिनोन् महिने जखम वाहती ठेवतो.

सिलिकॉनची जाळी आणि पॅराफिन गॉझ जखमेला लागून ठेवायचे थर आहेत. ते काही शोषत नाहीत, फक्त वरचं पॅड चिकटू देत नाहीत. पॅराफिन गॉझ १ ते २ दिवसांत वाळतं आणि नवं मांस त्याच्या छिद्रांतून वर येतं. मग काढताना दुखतं आणि रक्त येतं. सिलिकॉनची जाळी आठवडाभर जागेवर राहू शकते, बदलायचं ते फक्त वरचं पॅड.

आणि गॉझ? ते टाकाऊ नाही. जखम पुसायला, वरून जादा पाणी शोषायला, पू खूप असल्यानं दिवसातून दोनदा बदलावं लागतं तेव्हा, ते योग्यच आहे. चुकीचं आहे ते कोरडं गॉझ थेट लालसर, भरत आलेल्या जखमेवर ठेवणं आणि वाळल्यावर ओढून काढणं. मृत भागाबरोबर कालच तयार झालेलं मांसही त्याला चिकटून निघतं. कापूस तर जखमेवर कधीच नको, त्याचे तंतू आत राहतात.

चांदी, आयोडीन, मध

ही जंतुनाशक ड्रेसिंग्ज संसर्गाच्या खुणा असतील तेव्हाच: वाढतं दुखणं, गरम लाल कडा, नवा वास, अचानक वाढलेलं पाणी, हात लावताच रक्त येणारं ठिसूळ मांस. स्वच्छ जखमेवर 'खबरदारी म्हणून' चांदी लावण्यानं काही मिळत नाही, वाढणाऱ्या पेशींना मात्र त्रास होऊ शकतो. २ आठवडे वापरून बघा. जखम सुधारून खुणा गेल्या तर साध्या ड्रेसिंगवर या, काहीच फरक नसेल तर निदान तपासा. काही चांदीची ड्रेसिंग्ज सलाइननं ओली करायची नसतात, निर्जंतुक पाणी लागतं. पाकिटावरची सूचना वाचल्याशिवाय लावू नका. सिल्व्हर सल्फाडायझिन मलमाचा भाजलेल्या जागी पांढरा थर बसतो आणि भाजणं किती खोल आहे ते दिसेनासं होतं. डॉक्टरांनी जखम पाहण्याआधी ते फासू नये.

कॅडेक्सोमर आयोडीन पाणी शोषत हळूहळू आयोडीन सोडतं. तपकिरी रंग जाऊन पांढरट झालं, की ते संपलं. थायरॉइडचा आजार, गरोदरपण आणि अंगावर पाजणं असताना ते टाळावं. मध वापरायचा तर निर्जंतुक केलेला, जखमेसाठीच बनवलेला. स्वयंपाकघरातल्या मधात जिवाणूंचे बीजाणू असू शकतात. मधानं सुरुवातीला पाणी वाढतं आणि काहींना चांगलीच आग होते, तेव्हा वर शोषणारं पॅड हवंच. कोळशाचं ड्रेसिंग वास धरतं, पण बहुतेक प्रकार ओले झाले की निकामी होतात, म्हणून ते सगळ्यात वर ठेवावं.

अँटिबायोटिक गोळी ही ड्रेसिंगची जागा घेत नाही आणि ड्रेसिंग गोळीची. लाली कडेपलीकडे पसरत असेल किंवा ताप असेल, तर पोटातून किंवा शिरेतून औषध लागतं.

जिथं ड्रेसिंग एकटं हरतं

घोट्याच्या वर, आतल्या बाजूला, सुजलेल्या पायावर पाणी गळणारी जखम शिरांच्या दोषानं होते. तिथं वर कितीही महाग ड्रेसिंग लावा, खरा उपचार दाबाचं बँडेज हा आहे. घोट्याशी साधारण ४० मिलिमीटर पाऱ्याइतका दाब देतात. पण त्याआधी घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचं गुणोत्तर काढलंच पाहिजे. ते ०.८ ते १.३ असेल तरच पूर्ण दाब देता येतो. ०.५ च्या खाली असेल, तर धमन्यांचा पुरवठाच तुटपुंजा आहे आणि दाबानं पाय गमावायची वेळ येऊ शकते. मधुमेहात धमन्या कडक झाल्यानं आकडा खोटाच जास्त येतो, तिथं पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजावा लागतो.

मधुमेही तळव्याची जखम चालण्याच्या दाबानं होते. दुखत नाही म्हणून माणूस चालत राहतो. पायावरचा भार काढल्याशिवाय ती भरत नाही, मग त्यासाठी प्लास्टरचा बूट असो की खास चप्पल. इथं एक बारकावा सतत सुटतो: नेहमीच्याच बुटात जाड फोम घातलं, की जागा कमी होऊन दाब उलट वाढतो. अशा पायावर आठवडाभर न उघडणारं ड्रेसिंगही नको. संसर्ग न दुखता पसरतो, त्यामुळे बघणं वारंवार हवं. तपासताना निर्जंतुक सळईला खाली हाड लागलं, तर हाडात संसर्ग आहे असं धरून पुढच्या तपासण्या होतात.

बेडसोरमध्ये कूस बदलणं आधी, ड्रेसिंग नंतर. माणसाला पूर्ण कुशीवर न वळवता ३० अंश तिरकं ठेवा. पोटरीखाली उशी देऊन टाच अधांतरी ठेवा. भोक असलेली गोल उशी वापरू नका, ती कडेनं रक्त अडवते. दाबल्यावर न ओसरणारी लाली चोळू नका. माकडहाडावर आधीच सिलिकॉन फोम लावून ठेवण्याचा उपयोग होतो, पण रोज कड उचलून खाली बघायचं.

टाचेवर कोरडी, घट्ट, काळी खपली आहे, भोवती लाली, सूज, ओल काहीच नाही, तर ती तशीच कोरडी ठेवा. वाळलेल्या गँगरीनचंही तेच. ओलसर उपचाराचा सगळा नियम इथं उलटतो, कारण खाली रक्तपुरवठा नसेल तर ओलीनं जखम भरत नाही, फक्त सडते. खपली मऊ पडली, हलायला लागली किंवा कडेनं पाणी आलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

भाजल्यावर पहिलं ड्रेसिंग म्हणजे वाहतं गार पाणी, २० मिनिटं. भाजून ३ तासांपर्यंत त्याचा फायदा होतो. बर्फ, टूथपेस्ट, तूप यांतलं काही नको. मग स्वच्छ प्लॅस्टिकचा पातळ पडदा नुसता वर ठेवा, गुंडाळू नका, कारण सूज वाढली की तो आवळतो. उथळ भाजण्याला न चिकटणारी जाळी आणि वर जाड पॅड. पहिले दोन-तीन दिवस पाणी खूप येतं, म्हणून २४ ते ४८ तासांनी पुन्हा बघा. चेहरा, हात, पाऊल, गुप्तांग, सांधा, हातापायाला वेढा घालून भाजलेलं, विजेचं, रसायनाचं, किंवा पांढरं पडून न दुखणारं, हे सगळं रुग्णालयाचं काम आहे.

वृद्धांची कातडी सोलली जाते तेव्हा तो पदर कापू नका. ओल्या गॉझच्या बोळ्यानं हलकेच जागेवर पसरवा, वर सिलिकॉनची जाळी किंवा सिलिकॉन फोम लावा, आणि पदर जिथं जोडलेला आहे तिथून सुट्या कडेकडे बाण काढून ठेवा. काढणारा त्याच दिशेनं काढेल. फिल्म आणि हायड्रोकोलॉइड इथं वर्ज्य.

टाक्यांचं ड्रेसिंग भिजलं नसेल तर ४८ तास उघडू नये. त्यानंतर, डॉक्टरांनी वेगळं सांगितलं नसेल तर, अंगावर पाणी घ्यायला हरकत नसते. टबात बसणं मात्र नको.

बदलताना

दुखत असेल तर अर्धा-पाऊण तास आधी वेदनाशामक द्या. हात साबणानं धुवा, सगळं सामान उघडून ठेवा, मगच जुनं ड्रेसिंग काढा. केसांच्या दिशेनं, त्वचेलगत, सावकाश. चिकटलं तर भिजवून ५ मिनिटं थांबा.

धुवायला ०.९ टक्के सलाइन किंवा पिण्यायोग्य स्वच्छ पाणी चालतं. घरी करायचं तर १ लिटर पाणी उकळून त्यात ९ ग्रॅम मीठ घाला. चमच्यानं अंदाज घेण्यापेक्षा वजन करा आणि त्याच दिवशी संपवा. कोमट असू द्या, गार पाण्यानं जखम थंड पडते आणि पेशींचं काम मंदावतं. मोठ्या सिरिंजनं धार मारली की सैल घाण निघते. स्पिरिट आणि हायड्रोजन पेरॉक्साइड उघड्या मांसावर नको, ते जंतूंबरोबर नव्या पेशीही मारतात. भोवतीची कातडी टिपून कोरडी करा, तळ चोळून कोरडा करू नका.

कडा ओलीनं पांढऱ्या पडत असतील तर त्यांना संरक्षक द्रव लावून वाळू द्या. तेलकट मलम लावलं तर ड्रेसिंग चिकटणारच नाही. चिकटपट्टी मधून बाहेरच्या दिशेला, न ताणता लावा. ताणून लावलेल्या पट्टीच्या टोकाशी फोड येतात आणि लोक त्याला ॲलर्जी समजतात. बोटाभोवती पट्टी पूर्ण गोल आवळू नका. शेवटी तारीख लिहा.

रोज उघडण्याची सवय सोडा. उघडलं की जखम थंड होते, कडा दुखावतात, बाहेरचे जंतू येतात. रोज किंवा दिवसाआड उघडायची ती संसर्गाची, नुकतीच पू काढलेली, किंवा अतोनात वाहणारी जखम.

आणि ज्यांत ड्रेसिंगच्या निवडीचा विचारच करत बसू नये, त्या खुणा: दाबूनही १० मिनिटांत न थांबणारं रक्त, जखमेच्या मानानं फार जास्त दुखणं, दाबल्यावर कातडीखाली करकर जाणवणं, तासांत पसरणारी लाली, जांभळे डाग, ताप आणि बरळणं, बोटं गार किंवा निळी पडणं, आत हाड किंवा स्नायूची दोरी दिसणं. मातीनं माखलेली, गंजक्या वस्तूनं झालेली किंवा खोल टोचलेली जखम असेल, तर धनुर्वाताची लस शेवटची कधी घेतली हे त्याच दिवशी विचारा. आणि प्राण्याच्या चाव्याची जखम हवाबंद झाकण्याऐवजी साबण-पाण्यानं १५ मिनिटं धुवा आणि रेबीजच्या लशीसाठी लगेच निघा.